स्वरलिपीचे फोटो नकोत, स्वरलिपी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या गायनवर्गांची संकेतस्थळे चाळली की एक गोष्ट हमखास दिसते. रागाची माहिती टाइप केलेली, बंदिशीचे शब्द टाइप केलेले, आणि नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, मात्र वहीच्या पानाचा फोटो. तोही तिरका, कडेला अंगठा आलेला. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांची तऱ्हा फारशी वेगळी नाही. छापील अंकात स्वरलिपी व्यवस्थित असते, पण तोच मजकूर संकेतस्थळावर चढला की तिचे चित्र होते किंवा ठिपके गळतात. गळण्याचे कारण साधे आहे. छपाईच्या जुन्या, यूनिकोडपूर्व (यूनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत) फॉन्टमध्ये ठिपके आणि रेघा कुठल्यातरी मोकळ्या कळेवर बसवलेल्या असतात. मजकूर यूनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामला त्या ठाऊक नसतात, मग तो त्या सरळ टाकून देतो.

फोटो शोधात सापडत नाही, मोबाइलवर मोठा केला की फुटतो, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन-रीडर त्यापुढे गप्प बसतो, आणि एक स्वर चुकला तर अख्खे पान पुन्हा लिहावे लागते. हस्तलिखित जपायचे असेल तेव्हा फोटो जरूर ठेवावा. शिकण्यासाठीच्या नोटेशनला तो चालत नाही. ब्राउझरमध्ये स्वरलिपी नीट उमटवायला लागणारे सगळे आज फुकट उपलब्ध आहे. तरी काम बिघडते, आणि ते ठरावीक जागीच बिघडते. त्या जागा इथे सांगतो.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: वर्डमध्ये स्पेस देऊन मात्रा (तालाचे ठोके) जुळवायच्या आणि तेच उचलून एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या भाषेत, चिकटवायचे. एचटीएमएल लागोपाठच्या दहा स्पेसची एक स्पेस करते, त्यामुळे सोळा मात्रा गर्दीच्या वेळच्या बसमधल्यासारख्या एकमेकींवर रेलतात. ‘प्री’ टॅग लावला तर स्पेस टिकतात, पण ‘नि’ची रुंदी वेगळी आणि ‘ग’ची वेगळी, म्हणून बोल (बंदिशीचे शब्द) स्वराखाली येतच नाहीत. मग कोणीतरी सीएसएसचे (पानाचे दिसणे ठरवणाऱ्या भाषेचे) लेटर-स्पेसिंग वाढवतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. मात्रेला स्पेस नव्हे, चौकट लागते. ती टेबलाची असो वा ग्रिडची (सीएसएसमधल्या स्तंभ-ओळींच्या जाळीची). त्याकडे पुढे येतो, कारण त्याआधी ठिपक्यांचा घोळ निस्तरायला हवा.

स्वरलिपीच्या भातखंडे पद्धतीत तार (वरच्या) सप्तकाला वर ठिपका, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली ठिपका, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ. चारच खुणा. पण कीबोर्डवर त्या थेट मिळत नाहीत, म्हणून लोक दिसायला जवळचे जे सापडेल ते वापरतात. तार षड्जासाठी (वरच्या ‘सा’साठी) ‘सां’ लिहायची सवय तर सार्वत्रिक आहे. संगणकाच्या लेखी तो अनुस्वारच. यंत्र तो तसाच वाचते, आणि तार गंधाराचा ‘काय गं’मधला ‘गं’ होतो. मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) लावतात, यूनिकोड क्रमांक यू+०९३सी. ‘ऩि’ लिहिताना एक जण न, नुक्ता, वेलांटी असा क्रम ठेवतो, दुसरा न, वेलांटी, नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण शोधाला ते एक वाटत नाहीत. भरीस भर म्हणजे नुक्त्यासह ‘ऩ’ हे यूनिकोडमध्ये यू+०९२९ या जागी स्वतंत्र अक्षरही आहे, आणि मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना दोन कोडांचे एक होऊन बसू शकते.

तिसरा मार्ग जाणकारांचा वाटतो: वरच्या ठिपक्यासाठी यू+०३०७, खालच्यासाठी यू+०३२३ ही जोडचिन्हे. अर्थाने हा मार्ग बरोबर आहे. पण ही चिन्हे मुख्यतः रोमन लिपीच्या कामाची. देवनागरी फॉन्टमध्ये ती नसली की ब्राउझर दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो. मग ठिपका उजवीकडे सरकतो, ‘रे’च्या एकाराच्या मात्रेवर आदळतो, नाहीतर तुटक रेघेचे वर्तुळ काढून त्यावर जाऊन बसतो. एका फोनवर ठीक, दुसऱ्यावर वाकडे, हा अनुभव इथूनच येतो.

रेघांच्या बाबतीत मात्र देवनागरीची घरचीच सोय आहे. वेदपाठाच्या खुणांसाठी यूनिकोडच्या देवनागरी विभागात आडवी रेघ यू+०९५२ आणि उभी रेघ यू+०९५१ आहे. त्या वापरून तोडी रागाचे सप्तक असे लिहिता येते: सा रे॒ ग॒ म॑ प ध॒ नि. नोटो सान्स देवनागरीसारख्या पूर्ण फॉन्टमध्ये ही चिन्हे असतात. पान हलके करण्यासाठी कोणी फॉन्टची छाट केली असेल आणि फक्त रोजची अक्षरे ठेवली असतील, तर पहिला बळी याच दोन रेघांचा जातो. छाट करणाऱ्याला हे दोन कोड आधीच सांगून ठेवावेत.

छोट्या चुका इथेच उरकून टाकतो. बंदिशीच्या बोलात अक्षर लांबवण्याची खूण अवग्रह ‘ऽ’ आहे, यू+०९३डी. तिथे निम्म्या जगाने इंग्रजी एस टाइप केलेला असतो. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणाकाराचे चिन्ह × घ्यावे, इंग्रजी एक्स नव्हे. ‘खाली’च्या (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेच्या) शून्याला कुणी इंग्रजी शून्य, कुणी मराठी शून्य, कुणी इंग्रजी ओ वापरतो. दिसायला एक, कोड तीन. यातले एक ठरवावे आणि बाकीचे मजकूर साठवतानाच बदलून घ्यावेत.

आता मुख्य मुद्दा. वरच्या सगळ्या कसरती एकाच गैरसमजातून येतात: स्वर म्हणजे त्याचे दिसणे, असे धरून चालण्यातून. फाइलमध्ये स्वराचा अर्थ साठवावा आणि खुणा काढायचे काम ब्राउझरवर सोपवावे. मालकंस रागातला मंद्र कोमल धैवत घ्या. त्याची नोंद अशी हवी: स्वर ध, रूप कोमल, सप्तक मंद्र, कालावधी अर्धी मात्रा. यात ठिपका नाही, रेघ नाही. त्या कुठे काढायच्या हे पद्धत ठरवते, आणि पद्धती दोन आहेत.

हा मुद्दा पुस्तकी नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत वरचा ठिपका तार सप्तकाचा. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत वरचा ठिपका मंद्राचा, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे ‘म’वर उभी रेघ दिसली तर एका पद्धतीत तो तीव्र मध्यम आणि दुसरीत तार सप्तकातला मध्यम! समेला भातखंडे पद्धतीत ×, पलुस्कर पद्धतीत १. ‘खाली’ला भातखंडे पद्धतीत शून्य, पलुस्कर पद्धतीत अधिकचे चिन्ह. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणाऱ्यांना दोन्ही पद्धतींशी गाठ असते. अर्थ साठवलेला असेल तर पानावर एक बटण ठेवून तीच बंदिश दोन्ही पद्धतींत दाखवता येते. ठिपकेच साठवले असतील, तर वर कोणत्या पद्धतीचे नाव लिहिले आहे त्यावर सगळी मदार. आणि ते नाव बहुतेक पानांवर नसतेच.

कालावधीची नोंद दशांशात करू नये. एका मात्रेत सहा स्वर असतील तर प्रत्येकाचा वाटा एक षष्ठांश. जावास्क्रिप्टमध्ये तो सहा वेळा मिळवला की १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, आणि ‘मात्रा पूर्ण झाली का’ ही तपासणी नापास होते. त्यापेक्षा एका मात्रेचे ८४० भाग धरावेत. ८४० ला २ ते ८ या सगळ्या आकड्यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे दुगुन, तिगुन, चौगुन, पाच-सात स्वरांचे गट, सगळे पूर्णांकात बसते. त्रितालाचे आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, १३,४४० भागांचे. बेरीज त्याहून एकानेही कमी-जास्त झाली तर कुठेतरी स्वर सुटला आहे किंवा जास्तीचा पडला आहे. प्रोग्रामने तिथेच थांबून मात्रेचा क्रमांक सांगावा.

इथे मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांचा एक खास सापळा आहे. ‘१६’ हा आकडा देवनागरीत टाइप केला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. ‘संख्या नाही’ असेच उत्तर देते. नेहमीच्या शोध-सूत्रातली अंक ओळखणारी खूणही फक्त इंग्रजी अंक ओळखते. आत इंग्रजी अंक आणि पडद्यावर दाखवताना मराठी अंक, असा व्यवहार ठेवावा.

स्वरांची ओळ टाइप करून प्रोग्रामने ती तोडावी असे वाटत असेल तर आणखी एक खड्डा. ‘नि’ला संगणक दोन अक्षरे मोजतो, न आणि वेलांटी. ‘रे॒’ला तीन. साध्या पद्धतीने तोडले की वेलांटी अलग पडते. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय आहे, ती माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो तेवढे एकत्र ठेवते. क्रोममध्ये ती बरीच आधी आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली, १२५व्या आवृत्तीत. वर्गातला संगणक जुना असेल तर त्यातला ब्राउझर आधी अद्ययावत करावा.

मांडणी. त्रितालाला सोळा स्तंभांची ग्रिड करावी आणि वरून खाली चार ओळी: मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान, स्वर, बोल, टाळी-खालीच्या खुणा. ×, २, ०, ३ या खुणा पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या स्तंभाखाली. रूपकात समेवरच खाली आहे, तेव्हा ‘पहिल्या स्तंभाखाली नेहमी ×’ असा नियम प्रोग्राममध्ये पक्का करून ठेवू नये. स्तंभांची रुंदी नुसती ‘१ एफआर’ (मोकळ्या जागेचा एक वाटा) दिली तर चार स्वरांची मात्रा फुगते आणि शेजारची एका स्वराची आक्रसते, कारण मजकुराच्या गरजेपेक्षा स्तंभ लहान होत नाही. किमान रुंदी शून्य आणि कमाल १ एफआर असे स्पष्ट लिहिले की सगळ्या मात्रा सारख्या राहतात. डोळ्याला लय दिसायची तर मात्रा सारख्या हव्यातच.

कोमलाची रेघ सीएसएसच्या अंडरलाइनने काढू नये. शेजारी शेजारी ‘ग’ आणि ‘रे’ दोन्ही कोमल आले तर दोघांच्या रेघा जुळून एक होते, आणि अक्षराचा पाय रेघेला लागला तर ब्राउझर तिथे रेघ तोडतो. स्वराला स्वतंत्र ‘इनलाइन-ब्लॉक’ करून खालची बॉर्डर द्यावी आणि दोन्ही बाजूंना थोडे अंतर सोडावे. ठिपका सूडो-एलिमेंटने (मजकुरात न लिहिता सीएसएसने काढलेल्या तुकड्याने), बॉर्डरच्या खाली. त्याच्याही खाली एका मात्रेत गुंफलेल्या स्वरांची अर्धचंद्र कमान. हा क्रम आणि मधले अंतर पाळले नाही तर मंद्र कोमल धैवताचा ठिपका रेघ आणि कमान यांच्या मध्ये चिरडतो. कमानीला चित्र लागत नाही: खालची बॉर्डर आणि खालच्या दोन कोपऱ्यांना ५० टक्के गोलाई दिली की झाली. ओळीची उंची अक्षराच्या निदान दुप्पट ठेवावी. नेहमीच्या मजकुराची १.४ पट उंची दिली आणि ओव्हरफ्लो लपवला, तर तार सप्तक कापले जाते आणि गाणे मध्य सप्तकात उतरते. सगळी मापे ‘ईएम’मध्ये (अक्षराच्या आकाराच्या पटीत) द्यावीत, पिक्सेलमध्ये नव्हे, नाहीतर ज्येष्ठ वाचकाने अक्षर मोठे केले की अक्षर वाढते आणि ठिपका तेवढाच राहतो.

मींडेची कमान मात्रांच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपत असेल तर ती एसव्हीजीने (ब्राउझरमधल्या रेखाचित्राच्या भाषेने) काढावी लागते. जागा मोजण्याआधी फॉन्ट पूर्ण उतरल्याची वाट पाहावी. तसे न केल्यास मोजमाप तात्पुरत्या फॉन्टवर होते आणि कमान शेजारच्या स्वरावर जाते. पडदा आडवा केल्यावर आणि कागदावर छापण्याआधी हे मोजमाप पुन्हा करावे. छापण्याचे बहुतेक विसरतात, आणि शिक्षक तर प्रिंटच काढतात.

मोबाइलवर सोळा मात्रा एका ओळीत बसवायचा हट्ट नको. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर मात्रेला साडेबावीस पिक्सेल येतात. त्यात चार स्वर म्हणजे मुंग्या. ओळ विभागावरच तोडावी: त्रिताल आठ-आठ किंवा चार-चार, झपताल पाच-पाच, धमार पाच अधिक दोन आणि तीन अधिक चार. रूपकाच्या सात मात्रा एका ओळीत मावतात, तो तोडू नये. विभागाच्या मध्ये तुटलेली ओळ वाचून कोणी टाळी देऊन दाखवावी!

सूडो-एलिमेंटने काढलेल्या ठिपक्यांना एक उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की ठिपके मागेच राहतात, कारण ते मजकुराचा भाग नाहीत. म्हणून कॉपी करण्यासाठी वेगळे बटण द्यावे आणि त्यातून साधी लिपी बाहेर पडावी. मंद्राला अक्षराआधी टिंब, ताराला अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम आणि कोमल-तीव्राला वेदखुणा: .ध॒ .नि॒ सा ग॒ म ध॒ नि॒ सा’. देखणी नाही, पण कुठल्याही फोनवर तुटत नाही. स्क्रीन-रीडरसाठी प्रत्येक स्वराला ‘मंद्र कोमल धैवत’ असे आरिया-लेबल (स्क्रीन-रीडरने वाचायचे नाव) द्यावे आणि सोबत ‘इमेज’ ही भूमिका जोडावी. नुसत्या स्पॅनवरच्या लेबलाकडे अनेक वाचक-प्रणाली दुर्लक्ष करतात.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनसाठी (पाच आडव्या रेघांवरच्या स्वरलिपीसाठी) वाट बरीच मळलेली आहे, म्हणून थोडक्यात. यूनिकोडमध्ये संगीतचिन्हांचा विभाग २००१ सालापासून आहे, यू+१डी१०० पासून २५६ जागांचा. ट्रेबल क्लेफ 𝄞 (ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह) म्हणजे यू+१डी११ई. पण यूनिकोड फक्त चिन्ह देते. पाच रेघांपैकी कोणत्या रेघेवर ते बसवायचे हे सांगत नाही, त्यामुळे नुसती अक्षरे टाइप करून स्टाफ तयार होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये या क्लेफची लांबी दोन मोजली जाते, आणि ‘फ्रॉम-कॅरॅक्टर-कोड’ वापरून तो मागितला तर वरचा अंक गळून चक्क एक कोरियन अक्षर उमटते, ‘फ्रॉम-कोड-पॉइंट’ वापरावे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्ता जुन्या तीन बाइटच्या ‘यूटीएफ-८’चा असेल तर हे चिन्ह साठतच नाही. तिथे ‘यूटीएफ-८-एमबी-४’ लागते. लेखातल्या इमोजी डेटाबेसमध्ये जाऊन गायब होत असतील तर आजार हाच.

चिन्हे देखणी हवीत तर ब्रावुरा हा मुक्त परवान्याचा फॉन्ट घ्यावा. तो ‘स्मुफल’ या मानकाप्रमाणे आहे: फॉन्टचा आकार म्हणजे स्टाफची पूर्ण उंची, म्हणजेच चार घरे. आकार ४० पिक्सेल दिला तर दोन रेघांतले अंतर १० पिक्सेल. हा फॉन्ट खासगी वापराच्या कोडांवर बसवलेला आहे, त्यामुळे तो उतरला नाही तर रिकामे चौकोन दिसतात. दुसऱ्या सर्व्हरवरून आणत असाल तर तिथे ‘कॉर्स’ची (दुसऱ्या संकेतस्थळाला फाइल वापरू देण्याची) परवानगी तपासा. स्वतःच सगळे काढण्यापेक्षा तयार लायब्ररी (आयते प्रोग्राम) बऱ्या: जावास्क्रिप्टमधून एकेक स्वर मांडायचा तर व्हेक्सफ्लो, म्यूझिक-एक्सएमएल या प्रकारची संगीत-फाइल असेल तर ओपन-शीट-म्यूझिक-डिस्प्ले, एबीसी लिपीतला मजकूर असेल तर एबीसीजेएस, एमईआय प्रकारची फाइल असेल तर व्हेरोव्हिओ. व्हेक्सफ्लो चार ठोक्यांच्या मापात साडेतीन ठोके भरले तर चूक दाखवून थांबते. त्यावर वैतागू नये. हीच शिस्त आपल्या सोळा मात्रांनाही हवी आहे. मात्र भारतीय स्वरलिपी या लायब्ररींच्या रेघांवर चढवायला जाऊ नये. आपला षड्ज गळ्याप्रमाणे बदलतो. स्टाफवर त्याला एक ठरावीक पट्टी चिकटते आणि काळी चारचा विद्यार्थी पांढरी एकमध्ये अडकतो.

आपल्याकडे विनंती दोन. पुरवणीच्या लेखासोबत नोटेशन मागवताना लेखकाकडे चित्र मागू नका, वर सांगितलेली साधी लिपी मागा आणि वर पद्धतीचे नाव अनिवार्य करा. दुसरे, संकेतस्थळावर चढवण्याआधी एकच ओळ, वर दिलेली मालकंसाची, एका जुन्या अँड्रॉइड फोनवर, एका आयफोनवर आणि कागदावर तपासून घ्या. तिच्यात मंद्र, तार, कोमल सगळे आहे. त्यात तोडीचा म॑ जोडला की तीव्रही आले. सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्था १९८८ पासून ज्या शहरात भारतीय लिपींवर काम करते आहे, तिथल्या पानांवर तरी तार षड्ज अनुस्वारावर भागवावा लागू नये.

कळावे,
एक वाचक,
कोथरूड, पुणे